एक त

जुलै म्हणजे पोरिरुआत थंडीचा कडाका.
दक्षिणेचा वारा पत्र्यांना दात लावतो
आणि मी ओल मोजत हिंडतो, सरकारी घरांतून.
दोन सुया भिंतीत टोचायच्या,
आकडा लिहायचा, पुढचं दार.

सेफिनानं दार उघडलं, मुलगा कडेवर.
मलाकी. वय सहा, वजन चौथ्या वर्षाचं.
बूट बाहेर काढले.
चटई गार आहे ते मोज्यातून कळलं.

बाथरूम एवढीशी, हात लांबवला की संपते.
छताच्या कोपऱ्यात आधी मिरपूड सांडल्यासारखं,
मग काजळी,
नळामागे तर लवच आलेली, हिरवट, ओली.
वास बंद ट्रंकेचा,
ज्यात कुणी ओला टॉवेल विसरलंय.

मी दाखवतो, मुलगा म्हणाला, आणि खाली उतरला.
हे कासव. हे त्याचं पिल्लू.
पिल्लू मागच्या रविवारी नव्हतं.

कासवाभोवती पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख.
तिच्याबाहेर दुसरी रेघ. तिसरी.
"शनिवारी घासते, मंगळवारी परत," सेफिना म्हणाली.
"ब्लीचनं हा जास्त खोकतो,
तेवढा वेळ शेजारच्या आयोनेंकडे ठेवते.
रेघा तेवढ्या मी पुसत नाही."

दाराच्या चौकटीवर तसल्याच रेघा.
त्या मलाकीच्या उंचीच्या.
फेब्रुवारी, एप्रिल, जून,
इतक्या जवळ जवळ
की नख लावून वेगळ्या कराव्या लागल्या.

माझ्या तक्त्यात शेवटी एक रकाना असतो:
रहिवाशांच्या सवयी.
त्यात आधीच छापलेलं, खिडकी उघडत नाहीत.
समोर चौकोन.
नऊ वर्षं मी तिथे खूण करत आलोय,
पावतीवर सही करावी तशी,
न वाचता.

पेन टेकवलं तेवढ्यात मलाकी म्हणाला,
"ती उघडत नाही. बघ."
बघितलं. ढकललं. टबाच्या काठावर चढून खांदा लावला.
रंगाचे चार थर, चौकट आणि पल्ला एकजीव झालेले.
रंग आमच्याच खात्याचा.
डब्यावरचं नावही मला पाठ: शिंपला पांढरा.

मग त्याला धाप लागली.
कासवाबद्दल फार बोलला होता.
छातीत घरघर, बरगड्यांमधली कातडी आत, बाहेर, आत.
सेफिनानं निळा पंप काढला, त्याला जोडायची नळी,
नळीवर अर्धा निघालेला रग्बीचा स्टिकर.
"मोज," ती म्हणाली.
तिच्या भाषेत, त्याच्या कानाशी,
तासी. लुआ. तोलू.
तो मोजत होता श्वासानं,
मी यंत्र घेऊन उभा होतो,
सुया कशात टोचायच्या ते न कळून.

खिशातल्या चाकूनं रंग कापायला घेतला.
पाऊण तास गेला. पल्ला वीतभर सुटला
आणि आत आला तो वारा, बर्फासारखा.
सेफिना काही बोलली नाही.
मुलाच्या अंगावर दुसरा स्वेटर चढवला.
हीटरकडे बघितलं, मग विजेच्या मीटरकडे,
हीटर तसाच राहिला.

गाडीत बसून तक्ता काढला.
चौकोन कोरा ठेवला,
छापील ओळीतला शेवटचा त खोडला:
खिडकी उघडत नाही.

कचेरीत म्हणतील, छपाईची चूक.
म्हणोत.
मी आणखी एकदा, जोर देऊन, खोडला.
खाली कागद फाटला थोडा.