टायमर बंद केल्यावर

सहा हजारांवरून सदतीसवर आलो आम्ही.
सांगायला एक ओळ पुरते.
करायला दोन वर्षं लागली,
आणि ताइस्तोच्या गुडघ्याचं एक ऑपरेशन.

आधी गेलं ते प्रतवारीचं मशीन.
एस्टोनियाहून आर्वो नावाचा माणूस आला,
पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाला, चांगलं ठेवलंयत.
ताइस्तोनं त्याला तीनदा सांगितलं
की डावीकडचा रोलर थंडीत अडकतो,
थोडा वेळ हातानं फिरवावा लागतो, मग ऐकतो.
आजारी माणसाची औषधं
नव्या नर्सला समजावून सांगावीत तसं.

मग ऑक्टोबरात ट्रक.
त्याबद्दल मी लिहिणार नाही.
एवढंच, की त्या रात्री शेडमधले पंखे
बंद करायचं कुणाला सुचलं नाही,
आणि सकाळपर्यंत ते रिकाम्या जागेला
वारा घालत राहिले.

इल्मारी तांपेरेहून फोनवर म्हणतो,
आता तरी निवांत जगा.
निवांत म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक नाही,
तो बोलत असताना मागे त्याचा दुसरा फोन वाजत असतो.

मी अजून पहाटे चारला उठते.
कॉफी ठेवते, खिडकीशी बसते.
मला सगळं तिसाच्या हिशेबातच मोजता येतं,
एक ट्रे म्हणजे तीस.
लग्नाला एक ट्रे आणि वर अकरा वर्षं झाली.
वयाचे दोन ट्रे भरून तिसऱ्यात पाच.

पण खरी गोष्ट दिव्यांची.
चाळीस वर्षं आमच्या शेडमध्ये हिवाळा आलाच नाही.
बाहेर दुपारी साडेतीनला काळोख पडायचा,
बर्फ दाराला टेकायचा,
आत टायमर खट्ट करायचा आणि उजेड,
रोज सोळा तास, मिनिटभर कमी नाही.
कोंबडीला वाटायचं, जून आहे.
ती अंडं घालायची.
आम्हालाही तसंच काहीसं वाटत असावं.
अंगात ताप असताना,
सासूबाईंना पुरून आलो त्या संध्याकाळी,
इल्मारीच्या जन्माच्या आदल्या रात्री,
जून.

यंदा टायमरची वायर ताइस्तोनं काढली.
काढली, आणि हातात धरून उभा राहिला,
तिचं काय करायचं ते न कळून.
मग खिशात घातली.
अजून त्याच कोटात आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर सदतीसजणींनी पिसं गाळली.
कशातरीच दिसायला लागल्या, मानेपाशी उघड्या.
दिवस मावळायच्या आत दांडीवर
एकमेकींना बिलगून बसायच्या,
आणि एकेक करत घालायच्या थांबल्या.
मी खुराड्यात हात घालायचे. गवत. गार.
एकदा दार लोटून आत उभी राहिले, दिवा न लावता.
श्वास ऐकू येत होते.
सहा हजारांत कधी एकीचाही ऐकला नव्हता.

डिसेंबरच्या वीस तारखेला
नाताळचा केक करायला घेतला तर घरात एक अंडं नाही.
दुकानात गेले.
त्या फळीसमोर उभी राहिले, गिऱ्हाईक म्हणून.
दहाचा एक डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं,
शिक्का दुसऱ्या कुणाचा.
काउंटरवर राइली होती.
तिनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
म्हणाली, हिल्का, रस्त्यावर घसरण आहे, जपून जा.
बरी बाई आहे.

घरी ताइस्तोनं एक फोडलं बशीत,
बशी दिव्याखाली धरली, तिरकी केली.
फिकं आहे, म्हणाला. पांढरंही पसरतंय.
दोन आठवड्यांचं असणार.
मग तव्यावर टाकलं,
आणखी एक फोडलं,
आणि मीठ मागितलं.