एकोणीसचा बोल्ट

स्विंडनमध्ये, आमच्या उतरत्या दारासमोर,
शनिवारी सकाळी सिव्हिकचं उजवं चाक काढून
मी पुठ्ठा अंथरला आणि आडवा झालो.
क्रँकच्या पुलीमागचं सील महिनाभर गळतंय,
डांबरावर काळ्या रुपयांची ओळ पडलीय.
गॅरेजवाला म्हणाला, चारशे वीस पौंड.
आकडा ऐकूनच ठरलं, काम घरी करायचं.

पुलीच्या मधोमध एक बोल्ट. एकोणीसचा.
बस्स. तो निघाला की पुली हातात येते,
असं म्हणतात.

पहिला पाना घसरला, बोटाची साल घेऊन गेला.
दुसऱ्याला गुडघा लावला.
गंज सोडवायचं तेल पाजलं, वाट बघितली,
पुन्हा पाजलं, तान्ह्याला गुटी द्यावी तसं.
मग ब्लोलँपने शेकलं. लेकीने खिडकीतून विचारलं,
"बाबा, आपण गाडी शिजवतोय का?"
मग शिव्या. आधी इंग्रजी, त्या संपल्यावर कोल्हापुरी.
कोल्हापुरी शिवीने नट हलतो, हे मी उद्यमनगरात
तात्या लाडांच्या शेडमध्ये या डोळ्यांनी पाहिलंय.
इथला हलला नाही.
त्याला भाषा कळत नसावी.

कुंपणापलीकडे टेरी हिबर्ड
दोन दिवस एकच झुडूप कापत होता.
आम्ही बोलत नाही. म्हणजे बोलायचो,
या कुंपणाच्या उंचीवरून बंद झालं, दोन वर्षांपूर्वी.

रविवारी चारच्या सुमाराला तो आला. न विचारता.
एका हातात मुसळाच्या टोकासारखं जाड सॉकेट,
खांद्यावर साडेपाच फुटी पाइप.
"रागाने नाही सुटायचा," म्हणाला, "वजनाने सुटेल."
आणि खाली वाकून, जरा वेळाने, पुलीशीच बोलल्यासारखं:
"हे मी आवळलेत. दिवसाला साडेतीनशे. आठ वर्षं."

कारखाना बंद झाला, हे मला ठाऊक होतं.
त्यात टेरी होता, हे नव्हतं.

पुलीच्या षटकोनात त्याने पकड अडकवली,
तिचा दांडा जमिनीला टेकवला,
पाइप माझ्या हातात दिला.
"झटका नको. नुसता रेल."
मी रेललो. मग तोही,
त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून.
पाइप वाकला. वाकतच गेला.
आणि बंदुकीसारखा आवाज.
मला वाटलं, बोल्ट तुटला.
टेरी आधीच हसत होता.

उरलेले आटे बोटांनी सुटले.
पुली मात्र बसून राहिली, शाफ्टला गंजाने चिकटून.
इथे टेरीचं डोकं चालेना.
त्याच्याकडे ती नवीच यायची, चकचकीत.
काढायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.
आता तात्यांची शेड कामाला आली:
बाहेरच्या कडेला ओढायचं नाही, मध्ये रबर असतं,
ते फाटलं की इंजिन आयुष्यभर थरथरतं.
आतला तुंबा धर. एक पहार इकडून, एक तिकडून,
केसभर, केसभर, फिरवत फिरवत.
"हळू," मी टेरीला म्हणालो, आणि त्याने ऐकलं.
आली. माझ्या मांडीवर पडली,
बिडाच्या तव्यासारखी जड.

नवं सील बसवलं. नवा बोल्ट.
आवळायला पाना मी टेरीपुढे धरला.
त्याने हात पँटला पुसले, उगाच, दोनदा.
टॉर्कचा पाना 'टक्' म्हणाला, मग त्यावर
आणखी पाव फेरा, डोळे मिटून.
"झालं. आता वीस वर्षांनी
कुणीतरी मला शिव्या घालेल."

जाताना जुना बोल्ट त्याने खिशात टाकला.
मी बघितलं, बोललो नाही.
कुंपणाबद्दलही कुणी बोललं नाही.
ते आहे तेवढंच उंच आहे.