गाळ

बामणोलीच्या धक्क्यावर
सकाळपासून इंजिन उघडं पडलंय.
काल वासोट्याहून परतताना मागची धार
आधी दोऱ्याएवढी झाली, मग थेंब,
मग नुसती वाफ.

सुदाम उतेकर म्हणाला, मुतायचं थांबलं
तेव्हाच बंद करायचं होतंस.
इंपेलरची पाती गेलीत, हेड वाकलंय.
एकोणतीस हजार.
पार्ट पुण्याहून, आला तर गुरुवारी.

शनिवारची चौदा माणसं घेतलीत.
ॲडव्हान्स खर्चलाय.

नळीत तार घातली तर
बोटभर काळा गाळ आला, लोण्यासारखा.
थोरली आत्या डबा घेऊन आली होती.
तिनं चिमटीत चोळला, हुंगला.
‘आपल्या खालच्या खाचरातला,’ म्हणाली,
आणि पदराला बोटं पुसली नाहीत.

सुदामनं विचारलं, टाकू का हा?
टाक.
पण पाण्यातच टाक.