पाच नंबर

बहलातल्या या घराला आता पावतीपुस्तक आहे,
सात खोल्या, सात किल्ल्या,
आणि टेबलामागे मी, देवरुखचा.

पाच नंबरची तक्रार ठरलेली: मुंग्या.
पावडर मारली, भिंतीच्या फटी लिंपल्या,
एका जर्मन बाईला अर्धं भाडं परत केलं.
तरी येतातच,
ओळ न मोडता.

रमजानच्या आधी मालकांची थोरली बहीण आली, मौजा बिन्त हमूद.
भाडं पुरतं मोजलं. पाच नंबरच मागितला.
मी आधीच माफी मागून ठेवली.
काठी टेकवून त्या खाली बसल्या,
जमिनीतल्या चरांवरून बोट फिरवलं.
मी त्यांना सांडपाण्याचे समजत होतो.

"इथे खजुराची पोती रचायचो, छतापर्यंत.
आपल्याच वजनाने पाक गळायचा,
या वाटेनं, त्या कोपऱ्यातल्या रांजणात.
रांजण फुटला, माझ्या लग्नाच्या वर्षी.
यांना कुणी कळवलंच नाही."

सकाळी किल्ली ठेवून निघून गेल्या.
चादर बदलायला गेलो तर
कोपऱ्यात बशी,
बशीत चहाबरोबर दिलेली साखर,
सगळी.

संध्याकाळी मस्कतहून जोडपं आलं.
सहा नंबर दिला.
पाचात काम चालू आहे, म्हटलं.