नेलपॉलिशची रेघ

या शेडमध्ये चोवीस माग होते.
मी जॉबर. कुठला माग आजारी आहे
ते मला चहाच्या टपरीवरून आवाजानं कळायचं.
माग गेले, किलोवर.
फरशीत बोल्टांची भोकं राहिली.
आता त्याच भिंतीवर कागद लटकतात,
आणि दहा मीटरवरून बघायचं टिंब
मोहरीपेक्षा बारीक.

विट्यात रायफल म्हटलं की लोक आधी शिकार विचारतात,
मग लायसन.
मी म्हणतो, ही हवेची. हिच्यानं काही मरत नाही,
हिलाच धूळ मारते.
सुताची धूळ अजून आहे वर, कैच्यांवर.
वारा सुटला की उतरते, जुनी देणेकरी असल्यासारखी.

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो:
फेल्टची गोळी मागून पुढं, उलटी कधी नाही.
तेल एक थेंब, तोही फडक्याला. नळीला नाही.
सिलिंडर सावकाश भरा.
घाईनं भरला की तापतो, आणि तापला की काटा खोटं बोलतो.
त्याच्यावरची तारीख सरली की तो भंगार,
मग कितीही नवा दिसू दे.
शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय वडापाव नाही.
आणि शूटिंगचे बूट घालून कुणी मुतारीला जायचं नाही,
तळवा वाकतो.

तेजलचे वडील गलाईवाले. तेवीस वर्षं त्रिचूरला
सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन
त्यातनं सोनं काढणारे हणमंत मुळीक.
परत आले ते छातीत ॲसिडचा खोकला
आणि काचेच्या पेटीतला तराजू घेऊन.
रात्री त्यावर छर्रे तोलतात. चिमट्यानं, एकेक.
पाचशे तीस. पाचशे तीस. पाचशे सत्तावीस,
हा सरावाला.
बायको म्हणते, शिशाला सोन्याचा मान दिला या माणसानं.
ते म्हणतात, तराजूला काय कळतंय.

पुण्याला तेजल घसरली. मग कोल्हापूरला.
सहा महिने घसरतच राहिली.
छर्र्यांचा डबा बदलला, हातमोजा बदलला,
पहाटे उठून प्राणायाम केला.
वहीत लिहायची: श्वास चुकला. पुन्हा श्वास.
ट्रिगर दाबला नाही, ओढला.
मी ती वही वाचायचो
आणि मान हलवायचो, गुरुजीसारखी.

एका दुपारी लाईट गेली.
पंखे थांबले. तिनं रायफल टेबलावर ठेवली,
आणि मला ऐकू आलं:
टक.
बारीक. कातड्याखालचं हाड सरकावं तसं.
दस्त्याला नळी धरून ठेवणारा स्क्रू.
वॉशर बदलून मार्चात मीच लावलेला,
हातानं. पाना नंतर लावतो म्हणून.
तेवढ्यात चहा आला होता.

गुपचूप आवळता आला असता.
स्क्रूला तोंड नसतं.
एक अख्खी बिडी मी तोच विचार करत ओढली.
मग तिला बोलावलं, आणि स्क्रू तिच्याच बोटांनी फिरवायला लावला.
तो फिरला.

"म्हणजे श्वास बरोबर होता?"
"बरोबर होता."
वही उचलली, स्कूटीला किक मारली.
दोन दिवस आली नाही.
तिसऱ्या दिवशी आली ती चुलतीची नेलपॉलिश घेऊन, डाळिंबी,
आणि स्क्रूपासून दस्त्यापर्यंत
एक सरळ रेघ ओढली.
"सरकला तर रेघ तुटेल, मामा."

मागांच्या नटांवर मी अशीच रेघ मारायचो,
ऑइलपेंटची, चोवीसच्या चोवीस.
हे मला तिनं सांगेपर्यंत आठवलं नव्हतं.

आता तिच्या वहीत एक नवा रकाना आहे.
श्वास, ट्रिगर, आणि तिसरा: कोष्टीमामा.
रोज बरोबरची खूण करते, न हसता.
परवा ती विसरली,
तर पेन मीच शोधून दिला.