माप

शोरूममध्ये शिरलो तेव्हा आईच्या गळ्यात टेप तशीच होती.
तांडापेठेतल्या दुकानातून तिला भरदुपारी उचललेलं,
मशीनवर अर्धा ब्लाउज, एक बाही लटकती,
बाहेर पंचेचाळीस डिग्री.

हर्षल डोईफोडे नावाचा मुलगा, गळ्याशी टाय,
टर्बो सांगत होता, एअरबॅगा सांगत होता,
आणि काचेचं छप्पर, मॅडम, बटणावर उघडतं.
"नागपुरात?" आई म्हणाली. "मे महिन्यात?
कोणाले भाजाचं आहे वरून?"

मग ती गाडीभोवती फिरली,
ट्रायलला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाभोवती फिरते तशी.
दारांवरून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली पत्र्याची घडी
बोटानं चाचपत:
"खांदा चांगला बसवला.
पण मागून आवळली आहे. एवढीशी खिडकी,
पोरं काय पाहतीन बाहेर?"
हर्षलनं ब्रोशर उघडलं. त्यात हा प्रश्न नव्हता.

टेप निघाली.
जमिनीपासून सीट, सव्वीस इंच.
आई पाठमोरी झाली, टेकली, बसली.
वाकली नाही, चढली नाही.
जुन्या गाडीत ती विहिरीत उतरावं तशी उतरायची
आणि निघताना प्रफुल्लचा हात शोधायची.
सात वर्षं मी हे आरशात बघत होते
आणि तिच्या गुडघ्यांचा विचार मला शिवला नव्हता.

"मधली जागा चौदा इंच. हे कोणाची?"
कोणीच बोललं नाही.
मधली जागा तिचीच असते,
दोन नातवंडांच्या कोपरांमध्ये,
पाय उंचवट्यावर, मांडीवर डबा.

वर्धा रोडच्या पुलावर हर्षल म्हणाला, दाबा.
मी दाबलं.
क्षणभर काहीच झालं नाही, मग एकदम झालं.
डोक्यावरून मेट्रो चालली होती,
तिच्या सावलीतून आम्ही निसटलो
आणि महावितरणच्या लेखा विभागात वीस वर्षं
बिलं जुळवणारी मी
तोंड उघडं टाकून हसले.
आईनं मागे पदर दाबून धरला.
हळू चालव, असं म्हणाली नाही.

सिग्नलला गाडी थरथरत उभी. तीन सिलिंडरची.
"बॉबिन सैल आहे हिची."
आई, ते इंजिन असतं...
"असू दे. माहीबी मशीन थरथरते.
चाळीस वर्षं झाले, चालूनच राहिली."

परतल्यावर डिकी.
दोन बॅगा, मुलांची सायकल, तिचं मशीन मुंडकं काढून,
सगळं तिनं वितीनं मनात रचून पाहिलं.
"अगदी मापात कापलं बापा यायनं.
माया कुठं सोडली?"
हर्षल म्हणाला, वॉरंटी तीन वर्षांची आहे, काकू.
"वॉरंटी नाही रे. माया.
उद्या पोरगं वाढलं, बाई भरली,
तं उसवून सैल करता आलं पाह्यजे."

आणि तिनं तळाचा गालिचा टोकाला धरून उचलला.
खाली स्टेपनी, बाकीच्या चाकांहून बारीक,
भोवती पोकळ जागा.
कोपरापर्यंत हात घातला तिनं आत.
बराच वेळ काढला नाही.

गाडी सात आठवड्यांनी आली.
पांढरी. मला लाल हवी होती, पण ऊन.
आमच्या गल्लीत आरसे मिटून घ्यावे लागतात,
मग दोन्ही भिंतींशी चार-चार बोटं उरतात.
रामटेकच्या चढावर पाच जण आणि एसी घेऊन
ती धापते, मी एसी बंद करते, मुलं ओरडतात.
हप्ता दर महिन्याच्या पाचला.

काल कोंढाळीच्या अलीकडे चाक बसलं.
प्रफुल्लनं गालिचा उचलला आणि मला हाक मारली.
स्टेपनीभोवती ठासून:
चिंध्या, रिळात खोचलेली सुई,
दोन पंचे, राजगिऱ्याच्या वड्यांचा पुडा,
आणि एक उशी, चौदा इंच रुंद,
एका बाजूनं अजून उघडी,
आत दुमडलेलं
दोन बोटं जास्तीचं कापड.