फट

वडनेरला जिनिंगमागच्या खोलीत माझं टेबल.
डिसेंबर. तिसऱ्या वेच्याचा कापूस, गाड्यांची रांग,
खिडकीच्या जाळीला रुईची लव.
तीच लॅपटॉपच्या पंख्यात अडकते
आणि तो घरघरतो.

मी प्रोटॉन आदळवते.
खरे नाहीत, आकड्यांतले.
खरे केव्हाच आदळून झाले, दूर, जमिनीखालच्या रिंगणात;
त्यांचे आता ठिपके उरलेत.
माझं काम रेघेचं.
ठिपक्यांवरून जाईल अशी.

दोन क्वार्क एकमेकांपासून पळतात,
मध्ये काहीतरी ताणलं जातं
चातीवरच्या सुतासारखं.
तुटतं. तुटतं तिथे दोन नवी टोकं,
दोन्ही टोकांना नवा कण.
किती ताणल्यावर तुटावं
हे कुठल्याच समीकरणात नाही.
तो स्क्रू माझ्या हातात.
असे सतरा.

काल रात्री रेघ बसली. ठिपक्याठिपक्यावर.
बसावी म्हणून मी बलाचा तोच एक आकडा
दोन ठिकाणी दोन ठेवला:
टकरीत ०.११८,
टकरीनंतरच्या फवाऱ्यात ०.१३६.
सगळेच ठेवतात, असं स्वतःला सांगितलं.

तेलरांधे काका चहाला आले. एकेचाळीस वर्षं फिटर,
नखांत ग्रीस.
"लयच बराबर बसली वं. इतकी बराबर?"

मी सांगितलं. म्हणजे, सांगून बसले.

त्यांनी चहा बशीत ओतला.
"एक साल मालक म्हने, ग्रेडर येऊन रायला,
एक नंबरची मशीन त्याच्यापुरती लाव.
लावली. रोलरची फट अशी बांधली का नमुना
दुधावानी. सायब खुश.
मांगच्या तेवीस मशीनीत सरकी फुटत होती.
गाठी गेल्या. सुतात काळे ठिपके निंगाले म्हने,
कुठं तं सोलापुराकडं.
कोनाले काई समजलं नाई."
बशी खाली ठेवली.
"मले समजलं."

कपावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा राहिला.

मी दोन्हीकडे एकच आकडा भरला.
बावीस तास मशीन चालली.
रेघ शिखरापाशी खाली बसली,
उताराला बरी झाली,
कॅऑनांच्या चित्रात तर पार भरकटली.
सुताचा स्क्रू केसभर सैल केला:
कॅऑन जवळ आले, शिखर आणखी खचलं.
पुन्हा घट्ट. पुन्हा केसभर.

ग्रुपला पत्र टाकलं: कालचं चित्र वापरू नका.
कारण दोन ओळींत लिहिलं, मग एक ओळ खोडली.
अजून कुणाचं उत्तर नाही.

दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला.
भिंतीपलीकडे काका हातात पत्रीचा तुकडा घेऊन
एकेका मशीनीची फट मोजतायत,
चोवीसच्या चोवीस.
सोळावीपाशी थांबलेत.
बराच वेळ.